हातगुण

३ सप्टेंबर, सोमवार

मालकांनी जानेवारीत वाटलेली ही डायरी आजवर कपाटावर कोरी पडून होती. आज धूळ झटकून खाली घेतली. यापुढे रोज काय केलं ते लिहून ठेवणार आहे, म्हणजे उद्या कोणी माझ्याकडे बोट दाखवलं तर हे त्याच्या पुढ्यात टाकता येईल.

झालं असं की दुपारी एक खोकं परत आलं. आमच्याच गिटारच्या तारा, आमच्याच पाकिटांतल्या, ऑगस्टच्या सुरुवातीला पाठवलेल्या. मालकांनी एक पाकीट माझ्यासमोर टेबलावर उघडलं. जाड, गुंडाळीच्या तारांना काही झालेलं नव्हतं. पातळ, साध्या पोलादी तारांवर मात्र गंज होता. तोही सगळीकडे नाही. तारेच्या टोकाला पितळेचा बारीक मणी असतो, त्यावर ती गिटारमध्ये अडकते. त्या मण्यापासून वीतभर तपकिरी ठिपके, पुढे तार लख्ख.

मालक तरुण आहेत, त्यांचा चेहरा लगेच पडतो. "ताई, वाजवलेली तार गंजते हे समजू शकतो. बंद पाकिटात कशी गंजेल?"

"हवा दमट आहे," मी म्हटलं. "मी बघते."

मी बघते म्हटलं की इथे सगळे निर्धास्त होतात, आणि ते उगाच नाही. मोठे मालक होते तेव्हापासून शेवटची तपासणी माझ्याकडे. टेबलावर सगळ्यांना हातमोजे सक्तीचे, फक्त मला नाहीत. मण्याजवळ तारेला पीळ देतात, तिथे एखादं कुसळ राहिलं तर वाजवणाऱ्याच्या बोटात घुसतं, आणि ते हातमोज्यातून कळत नाही. मणी धरायचा, चिमटीतून तार थोडी ओढायची, की बोटाला सगळं समजतं. मोठे मालक पाहुण्यांना सांगायचे, "या बाईंना हातगुण आहे. यांच्या हाताखालून गेलेला माल परत येत नाही." आज ते असते तर मला तोंड लपवावं लागलं असतं.

४ सप्टेंबर, मंगळवार

कामाला लागले. खिडकी बंद करून फटींना चिकटपट्टी लावली. प्रत्येक पाकिटात ओल शोषणारी सिलिकाची पुडी एक होती, आता दोन. पाणी प्यायचं ते दाराबाहेर जाऊन. कोणी शिंकलं तरी मी बघते.

खिडकी बंद केल्यापासून खोलीत नुसती भट्टी पेटलीय. दिवसातून किती वेळा अंगातून वाफा निघतात, मानेवरून घाम ओघळतो, मग तसाच आपोआप निवतो. रुमाल पिळून वाळत घालायची वेळ आली. माझ्या शेजारी बसते तिला आम्ही सगळ्या रेडिओ म्हणतो, कारण ती एकदा सुरू झाली की बटण सापडत नाही. ती म्हणाली, "ताई, पंखा फुल आहे, आम्हाला तर थंडी वाजतेय. माझ्या आईला तुमच्या वयात अगदी असंच व्हायचं."

माझ्या वयात म्हणे. स्वतःचे केस काळे करून येते ते विसरली वाटतं.

७ सप्टेंबर, शुक्रवार

आज मालकांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं. गिटार बनवणारा एक मोठा कारागीर आपल्या तारा घेऊन बघणार आहे. नमुन्याची दोन खोकी पाठवायची, एकामागून एक. तो ती दमट खोलीत ठेवून तपासणार. पसंत पडली तर त्याच्या सगळ्या गिटारांना आपल्या तारा. नाही पडली तर मालक तारा बाहेरून आणून नुसत्या विकणार, म्हणजे आमचं टेबल बंद.

रेडिओसुद्धा गप्प झाली. भिंगरीच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

भिंगरी म्हणजे माझी धाकटी नणंद. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता बसवलं तिथे बसते. मे महिन्यात नवऱ्याचं घर सोडून एका पिशवीनिशी आमच्याकडे आली. तिचा डावा हात कोपरातून पूर्ण सरळ होत नाही. जिन्यावरून पडले म्हणाली. आमच्या ह्यांनी एकदाच विचारलं, "त्यांच्या घराला जिना आहे कुठे?" त्यानंतर तिनेही आणि आम्हीही तो विषय काढला नाही.

जुलैत मीच मालकांना सांगून तिला टेबलावर बसवलं. तारांची वेटोळी करून पाकिटात भरायची, एवढंच काम. पण ते तिला फार महत्त्वाचं आहे.

९ सप्टेंबर, रविवार

भिंगरीच्या दिराचा फोन. दर रविवारी असतो. आज मीही रिसीव्हरला कान लावून तिच्याजवळ उभी होते. हा माणूस कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे उलट बोलायला जागाच राहत नाही. "किती दिवस भावाच्या घरी बसणार? लोक विचारतात."

भिंगरी म्हणाली, "बसलेली नाही. नोकरी करते. रजा मिळत नाही."

"ठीक आहे. नोकरी आहे तोवर राहा. ती संपली की मी स्वतः न्यायला येतो."

फोन ठेवल्यावर तिच्या तळहाताचा ओला ठसा रिसीव्हरवर तसाच होता. तिचे हात लहानपणापासून असे, घाबरली की पाणी सुटतं. आमचे हे दिवसभर लोकांच्या घरचे मीटर वाचत फिरतात, पण घरी आलं की यांना कोणाचं तोंड वाचता येत नाही. आज मात्र म्हणाले, "तिची नोकरी आहे म्हणून मी त्यांना तोंड देऊ शकतो. नुसती ठेवून घेतलीय म्हटलं की मलाच नकार देता येणार नाही."

मग विषय बदलायला म्हणून माझ्या किल्ल्या उचलल्या आणि म्हणाले, "एकाच दिवशी एकाच दुकानात दोन किल्ल्या केल्या. माझी चकचकीत आणि तुझी अशी लालसर कशी?" म्हटलं, माझी वापरली जाते, तुम्ही दाराबाहेर उभे राहून बेल वाजवता.

१२ सप्टेंबर, बुधवार

तो गिटारवाला आज स्वतः आला. दाढीवाला, हळू बोलणारा माणूस. परत आलेल्या तारा त्याने उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाला, "ही हवा नाही. हवेचा गंज सारखा पसरतो. हा हाताचा आहे. काही लोकांचा घामच तिखट असतो. माझ्याकडे एक जण शिकायला यायचा, आठवड्याला तारांचा संच संपवायचा. बिचाऱ्याला शेवटपर्यंत पटलं नाही."

तो गेला आणि खोलीत सगळ्या आपापल्या हातांकडे बघत बसल्या. मग एकेक करून भिंगरीकडे. तिने हात टेबलाखाली नेले.

मला ते आवडलं नाही. तिने हात लपवले हेही आवडलं नाही, आणि सगळ्या तिच्याकडे बघतात हेही. आणलं मी तिला. तिच्यामुळे काही झालं तर माझी मान खाली जाणार. पण हिशेब सरळ आहे. ती जुलैत आली, ऑगस्टचा माल गंजला. त्याआधी इतकी वर्षं कधी नाही.

१३ सप्टेंबर, गुरुवार

मालकांच्या परवानगीने सगळ्यांच्या हातांची परीक्षा घेतली. घासून लख्ख केलेल्या पोलादाच्या पट्ट्या आणवल्या. एकेकीला बोलावून हातमोजा काढायला लावला, मीच पट्टी समोर धरली, तिने त्यावर तळवा टेकवायचा, मनात दहा म्हणायचं, बस. मग पट्ट्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावून ओलं फडकं घातलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवल्या.

भिंगरीच्या पट्टीवर अख्खा पंजा उमटला, पाणी दिसत होतं. रेडिओ म्हणाली, "ताई, तुमची पट्टी?" म्हटलं, परीक्षा घेणारा कधी पेपर लिहितो का? सगळ्या हसल्या. ह्या आठवड्यात पहिल्यांदाच कोणी हसलं.

१५ सप्टेंबर, शनिवार

काय म्हणावं याला. डबा उघडला तर सगळ्याच पट्ट्या गंजलेल्या. बरं, तळव्याच्या जागी कोणाच्याही काही नाही, अगदी भिंगरीच्याही नाही. गंज कुठे, तर प्रत्येक पट्टीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढा डाग. एकजात सगळ्यांवर.

"भूत आहे का हो, अंगठा लावून जाणारं?" रेडिओ म्हणाली.

पोलादवाल्याने फसवलं, दुसरं काय. कोपऱ्यांना घासलेलंच नसणार. मी मालकांना तसं सांगितलं. ते पट्ट्यांकडे बघत राहिले, "हं" म्हणाले आणि त्यांना फोन आला.

भिंगरी तिची पट्टी हातात घेऊन बराच वेळ उभी होती. मग माझ्या हातांकडे बघत राहिली. मी म्हटलं, घाबरू नकोस, परीक्षाच रद्द झालीय. तर म्हणते, "वहिनी, थोडे दिवस तुम्हीपण हातमोजे घालता का?"

मला भयंकर राग आला. तीन महिने झाले नाहीत हिला, आणि मला शिकवते. मी म्हटलं, "माझं बोट बंद केलं तर कुसळं कोण पकडणार? तू?" घरी येईपर्यंत दोघी बोललो नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार

पहिलं खोकं गेलं. प्रत्येक तार माझ्या चिमटीतून गेली आहे. जीव ओतून केलं. आता तो गिटारवाला दमट खोलीत ठेवो नाहीतर विहिरीत.

शिवणाची सुई आज पुन्हा कापडातून सरकेना, खरबरीत झालीय. नवीन पाकीट होतं. हल्ली कसलाच माल चांगला येत नाही, आणि बोलणी मात्र आम्हाला बसतात.

१९ सप्टेंबर, बुधवार

सापडलं.

दुसऱ्या खोक्याचं काम सुरू आहे. दुपारच्या सुट्टीत मी चष्मा विसरले म्हणून परत आले. खोलीत भिंगरी एकटी. माझ्या तपासलेल्या तारांचा ट्रे तिने पुढे ओढला होता आणि एकेक तार उचलून फडक्याने पुसत होती. फडक्याला पातळ तेल लावलेलं. मण्याकडून वीतभर, मण्याकडून वीतभर, सराईतपणे. आजची पहिली वेळ नव्हती हे उघड होतं.

"काय करतेस?"

ती दचकून उभी राहिली. "वहिनी, नुसतं पुसतेय."

"कशाला पुसतेस? हातमोजे घातलेत ना? मग पुसायचं काय आहे त्यावर?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की आता काहीतरी सांगणार. ओठ हललेसुद्धा. मग खाली बघून म्हणाली, "तुम्ही नका विचारू. मी पुसते तेवढं पुसू द्या. खोकं चांगलं जाईल."

म्हणजे तिला माहीत होतं. हातमोज्यातून तिचा घाम झिरपतो हे तिला माहीत होतं, आणि माझ्यापाठी ती आपले डाग पुसत बसली होती. आणि मला म्हणते, तुम्ही हातमोजे घाला. घरातच ठेवलेल्या माणसाने असं करावं?

मी मालकांना सांगितलं. सांगावंच लागलं. माझ्या नावाने माल जातो.

२० सप्टेंबर, गुरुवार

मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, मलाही. नरमाईने विचारलं, "तुम्हीच सांगा, का पुसत होता?"

भिंगरी काही बोलेना. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बोल की. मी तुला खाणार आहे का?" तरी नाही. शेवटी मालक म्हणाले, "नमुना जाईपर्यंत तुम्ही घरी राहा. पुढचं पुढे बघू." पुढचं पुढे म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळतं.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण तिने तोंड उघडलं असतं, माफी मागितली असती, तर मीच रदबदली केली असती. घरी हे जेवले नाहीत. मी म्हटलं, तुमची बहीण म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढायचं का? "मी काही म्हटलं का?" म्हणाले. हे काही म्हणत नाहीत तेव्हाच जास्त लागतं.

२३ सप्टेंबर, रविवार

फोन भिंगरीनेच घेतला. मला वाटलं, सांगेल काहीतरी, वेळ मारून नेईल. दिराने विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "नाही, सध्या जात नाही. हातांचं कारण झालं." मग नुसतं "हो", "हो", "बरं".

तो पुढच्या रविवारी न्यायला येतोय.

मी तिला म्हटलं, "खोटं सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली, "कळलंच असतं." आणि पिशवी खाली काढून तिची चेन चालते का ते बघू लागली. डाव्या हाताने पिशवी नीट धरता येत नाही तिला, गुडघ्याने दाबून धरली होती.

हे सगळं माझ्यामुळे होतंय असं कोणी म्हणत नाही. पण घरात वावरताना मला उगाच भांडी आपटावीशी वाटतात.

२४ सप्टेंबर, सोमवार

पहिलं खोकं पसंत. गिटारवाल्याचा फोन आला, एकाही तारेवर डाग नाही. टेबलावर टाळ्या झाल्या. मालक म्हणाले, "ताई, करून दाखवलंत."

मनात आलं, हे तर भिंगरी असतानाचं खोकं. पण ती त्यावर फडकं मारत होती, म्हणून वाचलं. आपले डाग आपणच पुसत होती. आता तर ती नाही, म्हणजे दुसरं खोकं त्याहून चांगलं व्हायला हवं. मी ठरवलंय, प्रत्येक तार दोनदा तपासायची. पहिल्या दिवशी झालेल्या तारासुद्धा पुन्हा. वेटोळी पण मीच करणार. रेडिओने हातमोजे घालून नुसती पाकिटं चिकटवायची.

२५ सप्टेंबर, मंगळवार

खोकं भरून झालं. या वेळी त्यातली थोडी पाकिटं मालकांनी बाजूला काढून ओल्या फडक्याच्या डब्यात ठेवली. ती बघून मग पाठवणार. काम करताना पुन्हा पुन्हा अंगातून कढ येत होते, बोटं तारेवर सटकत होती. काळजीने होत असेल.

२७ सप्टेंबर, गुरुवार

पाकिटं उघडली. गंज. मण्यापासून वीतभर, आधीपेक्षाही दाट.

रेडिओने तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, सिलिकाच्या पुड्या जुन्या असतील, पाकिटाचं प्लास्टिक बदललंय का विचारा. मालक आत गेले आणि हातमोज्यांचा एक नवा जोड आणून माझ्यासमोर ठेवला. नुसता ठेवला, हळूच, आजारी माणसापुढे औषध ठेवतात तसा.

मी ते घातले नाहीत. डोकं दुखतंय सांगून घरी निघून आले.

मोठ्या मालकांनी माझ्या हाताबद्दल काय काय सांगितलं आहे लोकांना. हा कालचा मुलगा माझ्यासमोर हातमोजे ठेवतो.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

कामावर गेले नाही.

स्वयंपाकघरात बसून मनात पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. भिंगरी नव्हती. रेडिओचे हात झाकलेले होते. तारेला उघड्या हाताने शिवलं ते फक्त मी. दुसऱ्या खोक्यात दोनदा शिवले. पट्ट्यासुद्धा प्रत्येकीसमोर धरल्या त्या मीच, कोपऱ्यात अंगठा दाबून.

नाही. इतकी वर्षं नाही आणि आताच कसं होईल? तोच हात आहे.

तरी एक नवी तार पिशवीत होती ती काढली, चिमटीत धरली आणि ओल्या फडक्याच्या डब्यात टाकली. पाचच मिनिटांनी उघडून बघितली, काही नव्हतं. भिंगरी ओट्याशी उभी होती. तिने डबा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर गेली. मला एकदम कसंतरीच झालं, कारण तिला मी काय करतेय ते विचारावंसं वाटलं नाही.

२९ सप्टेंबर, शनिवार

ठिपका आहे. माझ्या बोटाएवढा.

रडू आलं, पण आधी राग आला, स्वतःच्या अंगाचा. कोणाला न विचारता हे कधी बदललं? महिनाभर मी हवेला आणि खिडकीला आणि पोलादवाल्याला दोष देत होते, आणि रेडिओ तिच्या आईचं सांगत होती ते कानाआड केलं. आणि जी खोकं वाचवत होती तिला चोर ठरवून बाहेर काढलं.

मालकांकडे गेले. अर्धा दिवस असतो, ते एकटेच होते. सरळ सांगितलं. "गंज माझ्या हातांचा आहे. भिंगरी माझे डाग पुसत होती." ते खुर्चीवर मागे टेकले. "मला परवाच वाटलं होतं, ताई. तुम्हाला कसं सांगावं कळेना."

सगळ्यांना वाटलं होतं, आणि सगळ्यांना मला कसं सांगावं कळलं नव्हतं. मी काय वाघ आहे का? असेनही.

मी म्हटलं, "तिला परत घ्या. पाकिटं भरायला नाही, तपासणीला. तिचे हात ओले असतात पण गंज धरत नाही, पट्टीवर तुम्ही पाहिलंय. बोट कसं चालवायचं ते मी शिकवेन. दुसरं खोकं तिच्या हातून नव्याने भरू."

"आणि तुम्ही?"

"पाकिटं चिकटवीन. हातमोजे घालून."

ते हो म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला ते झोंबलं.

घरी सांगायला तोंड उघडलं तर हे बाहेर, आणि भिंगरी शेजारी निरोप घ्यायला गेलेली. आल्यावर ती लगेच झोपली. मला तिला उठवून सांगायचा धीर झाला नाही. तिच्यासमोर हे बोलायचं मालकांपेक्षा अवघड आहे.

३० सप्टेंबर, रविवार

तो सकाळीच आला. फळांची पिशवी घेऊन, इस्त्रीच्या शर्टात. बाहेरच्या खोलीत ऐसपैस बसला. भिंगरीची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती आणि ती स्वतः चपला घालून उभी होती. आमचे हे स्वतःच्या पायांकडे बघत होते.

"झालं गेलं सोडून देऊ," तो म्हणाला. "घरचं माणूस घरी जाईल. बरोबर ना, वहिनी?"

मी चहाचा ट्रे ठेवला. हात इतके भिजले होते की ट्रे सुटेल असं वाटलं. "ती आज कुठे जाणार नाही. तिला उद्या कामावर जायचंय."

"काम सुटलं म्हणाली ती. हातांचं काहीतरी कारण होतं म्हणे."

"हात माझे खराब आहेत. कळलं मला उशिरा. तिच्यावर आळ मी घातला, आणि काल जाऊन काढला. मालकांनी तिला माझ्या जागी घेतलंय."

हे मी दिराकडे बघून बोलत होते, पण सांगत होते तिलाच. भिंगरीने मान वर केली नाही. तो माणूस थोडा हसला. "तुम्ही तिला वाचवायला बोलताय, ते दिसतंय. चांगलं आहे. पण निर्णय तिचा आहे. काय गं? मी तुझ्यासाठी एवढ्या लांबून आलो."

मला तिचा हात धरून आत न्यावंसं वाटत होतं, पण तिच्या वतीने बोलण्याचा हक्क मी उरवला नव्हता. ती बराच वेळ पिशवीकडे बघत राहिली. मग एक पाय वर घेतला, चप्पल काढली. मग दुसरी.

"मला उद्या कामावर जायचंय," ती म्हणाली.

"विचार करून बोल. मी पुन्हा येणार नाही."

"बरं," भिंगरी म्हणाली.

तो आमच्या ह्यांच्याकडे वळला. हे उठले आणि जाऊन दार उघडून धरलं. तेवढंच केलं, पण इतक्या वर्षांत मला यांचं एवढं कौतुक कधी वाटलं नव्हतं. फळं तशीच राहिली. जिना उतरल्याचा आवाज थांबेपर्यंत आम्ही तिघेही उभे होतो.

नंतर स्वयंपाकघरात मी कप धुवत होते आणि ती पुसत होती. मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पट्ट्या पाहिल्या तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस? तुझ्यावर एवढं आलं, मालकांनी विचारलं, मी समोर होते. एक शब्द बोलली असतीस तर सुटली असतीस."

तिने हातातला कप उजेडात धरून पाहिला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता, अगदी साधं विचारलं. "सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं असतं, तर तुम्ही मला या घरात राहू दिलं असतंत?"

काहीतरीच काय बोलतेस, असं अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. तो आठवडा आठवला, माझा राग आठवला, आणि मी खरंच काय केलं असतं ते मला स्वच्छ दिसलं.

"नसतं राहू दिलं," मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली, आणि पुढचा कप द्या म्हणून हात पुढे केला.